मत आहे, पण चावी कुणाकडे?

"या सेवाभावी संस्था कंपनीसारख्या चालवल्या पाहिजेत राव. एक कडक सीईओ आणा, मग बघा!" आयटीतल्या लोकांच्या तोंडी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिड होते. बोलणाऱ्याने कंपनी आतून बघितलेली असते, तरी तो हे म्हणतो हे विशेष.

एमएसएफचं, म्हणजे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये काही डॉक्टर आणि पत्रकारांनी ही संस्था काढली. इथे शेअरहोल्डर नाहीत. जे काम करतात किंवा करून आलेत, तेच आपापल्या देशातल्या संघटनेचे सभासद होतात आणि बोर्ड निवडतात. २०११ पासून या संघटना प्रत्येकी दोन प्रतिनिधी आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण सभेला पाठवतात. पैसा बहुतांशी सामान्य देणगीदारांचा, त्यामुळे २०१६ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरून युरोपियन युनियनचे पैसे सरळ नाकारता आले. कडक सीईओने नाकारले असते? मला नाही वाटत.

आणि हे मत नुसतं कागदावर नाही हं. १९७९ मध्ये व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्या लोकांसाठी जहाज पाठवण्यावरून मोठं भांडण झालं. बर्नार्ड कुशनेर हा संस्थापकांपैकी एक, पण सभेत तो हरला. मग बाहेर पडून १९८० मध्ये त्याने मेदसँ द्यु माँद ही नवी संस्था काढली. आपल्या भाषेत, प्रोजेक्ट फोर्क केला! दोन्ही संस्था आजही चालू आहेत. संस्थापकाला मतदानात हरवता येईल अशी एक तरी कंपनी दाखवा.

असो. कौतुक पुरे, कारण खरी गोम पुढेच आहे.

एमएसएफच्या दर दहा कर्मचाऱ्यांतले साधारण नऊ जण त्या त्या देशातच भरती झालेले असतात. पण प्रकल्प कुठे उघडायचा, कधी बंद करायचा हे ठरवतात ती ऑपरेशनल सेंटर्स. आणि ती होती पाच: पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, जिनिव्हा, बार्सिलोना. सगळी युरोपात! आबिदजानला सहावं निघालं ते थेट २०१९ मध्ये. पुढे दक्षिण आशियासारख्या भागांतही संघटना झाल्या, सभेत त्यांना मत मिळालं. म्हणजे वोटिंग राइट्स दिले, पण ॲडमिन पासवर्ड स्वतःकडेच ठेवला.

यावर ठरलेलं उत्तर असतं: स्थानिक माणसावर दोन्ही बाजूंचा दबाव येतो, तटस्थ राहायला बाहेरचाच माणूस लागतो. यादवी चालू असलेल्या गावात हे मान्य. पण आपल्या गोवंडीत? तिथे एमएसएफने औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर काम केलं, ब्रसेल्सच्या केंद्राखाली. तिथे कुठल्या दोन फौजा लढत होत्या? टीबीचा जंतू तर कुठल्याच पक्षाचा नाही!

बरं, हे त्यांना कळत नाही असंही नाही. स्थानिक कर्मचाऱ्यांना बरोबरीची संधी हवी हे २००६ च्या ला मान्चा करारात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. तरी २०२० मध्ये सुमारे हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांना संस्थेतल्या वंशवादाविरुद्ध पत्रक काढावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या देशांत प्रकल्प चालतात तिथे भरती झालेल्यांना या सेंटर्सच्या बोर्डांवर निम्म्या जागा द्या, आणि प्रकल्प उघडण्या-मिटण्याचं मतदान तिथेच घ्या. "बदलाला वेळ लागतो" म्हणे. २००६ ते २०२० म्हणजे काय चहाची सुट्टी होती?