अँथनी मास्तर

आमच्या गावी, एरंडोलला वरात निघाली की बँडवाले आधी देवाचं गाणं वाजवायचे, मग एखादं अहिराणी. मांडव दिसायला लागला आणि नवरदेवाच्या मित्रांना जोर चढला की कुणीतरी क्लॅरोनेटवाल्या मास्तरांच्या कानाशी जाऊन ओरडायचं, ‘मास्तर, अँथनी होऊ द्या!’ मास्तर वाद्य तोंडातून काढायचे. रीडची ती बोटभर पट्टी जिभेनं ओली करायचे, अंगठ्यानं दाबून सरळ बसवायचे आणि डोळे मिटून सूर लावायचे. मे महिन्यात ती पट्टी लगेच सुकते आणि सुकली की सूर चिरकतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, मध्ये घामानं भिजलेला लाल कोट, आणि ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’.

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. बँडची तालीम आमच्याच गल्लीत चालायची. एकदा धीर करून विचारलं, ‘मास्तर, हा अँथनी कोण?’ ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘व्हई कोनी तरी सिनेमाना मानूस.’

मास्तरांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. खरं उत्तर मला त्यांच्यामागे कळलं, याची चुटपुट अजून आहे. अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता. तोही वाजवणारा, शिकवणारा. तोही मास्तर.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म 1927 चा, गोव्यातल्या माजोर्डा गावचा. वडील चर्चमध्ये गायन शिकवायचे, त्यामुळे पाच रेघांवरची नोटेशन वाचणं पोराला अक्षरओळखीबरोबरच आलं. 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, व्हायोलिन घेऊन ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात बसू लागले. पुढे ते वादकाचे अरेंजर झाले.

हे अरेंजरचं काम काय असतं, ते सांगायला हवं. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणतो. ती एकच ओळ असते. तीत व्हायोलिनं कुठे शिरणार, बासरी कुठे थांबणार, दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत काय वाजणार, हे सगळं अरेंजर कागदावर उतरवतो आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवतो. त्या काळच्या मुंबईत हे लिहिता येणारे बहुतेक जण गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट आणि आपले अँथनी. ‘महल’, ‘प्यासा’ अशा चित्रपटांच्या संगीतात अँथनींचा हात आहे. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं. आपण घरबसल्या ज्यावर मान डोलावतो, ते निम्मं काम या माणसांचं आहे.

त्यांच्या मनात आणखी मोठं काही होतं. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र नांदवायचे होते. 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सारंग रागावर त्यांनी कंचेर्टो लिहिला. सारंग म्हणजे आपला भर दुपारचा राग, आणि तो व्हायोलिनांच्या फौजेवर! 1965 च्या सुमारास ते अमेरिकेला, सिराक्यूज विद्यापीठाकडे गेले. परतल्यावर ते पुन्हा चित्रसृष्टीकडे वळले नाहीत. माजोर्ड्याला घरी राहिले.

मुंबईत त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांत एक प्यारेलाल शर्मा होता. ट्रम्पेट वाजवणाऱ्या पंडित रामप्रसाद शर्मांचा मुलगा. लक्ष्मीकांत कुडाळकरांबरोबर त्याची जोडी जमली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 1977 मध्ये मनमोहन देसाईंच्या ‘अमर अकबर अँथनी’साठी आनंद बक्षींनी गाणं लिहिलं, तेव्हा त्यात अँथनीचं आडनाव फर्नांडिस होतं. प्यारेलालनी सुचवलं, गोन्साल्विस करा. माझ्या गुरूचं नाव आहे.

गुरूचं नाव घेताना गवई कानाची पाळी धरतो. प्यारेलालनी ते नाव थेट किशोरकुमारांच्या गळ्यात दिलं. अंड्यातून बाहेर पडणारा, एका डोळ्याला काच लावलेला अमिताभ ते नाव सांगतो आणि अख्खं थिएटर हसतं. गुरूचं नाव विनोदी गाण्यात घालणं बरं का, असं मला एकदा एका जाणत्या रसिकांनी विचारलं होतं. मला ते शंभर टक्के योग्य वाटतं. एखाद्या गंभीर रचनेवर ‘गुरूंना अर्पण’ असं छापलं असतं, तर ते रेकॉर्डच्या पाकिटावरच राहिलं असतं. या गाण्यानं ते नाव एरंडोलच्या मारुतीच्या देवळापर्यंत आणलं.

गाणं आणि त्यामागचा वादक यांचं असंच एक नातं पलीकडच्या रॉक संगीतात आहे. बॉब डिलनचं 1965 चं ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’. त्यामागे ब्रूस लँगहॉर्न नावाचा वादक आहे, हे डिलननं स्वतः सांगितलंय. लँगहॉर्न लहानपणी व्हायोलिन वाजवायचा. बाराव्या वर्षी घरी केलेला फटाका हातात फुटला आणि उजव्या हाताच्या बोटांची टोकं गेली. मग तो गिटारकडे वळला आणि उरलेल्या बोटांनी स्वतःची वेगळीच पद्धत घडवली. त्याच्याकडे आपल्या डफासारखं, आतून घुंगरू लावलेलं एक थोरलं तुर्की वाद्य होतं. ते घेऊन तो एकदा रेकॉर्डिंगला आला आणि ते दृश्य डिलनच्या मनात राहिलं. गाण्याच्या रेकॉर्डिंगवर मात्र लँगहॉर्न गिटार वाजवतो. गाणं जगभर गेलं, आणि तो 2017 मध्ये वारला तेव्हाच बहुतेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं.

अँथनी मास्तरांच्या वाट्याला उतारवयात थोडं अधिक आलं. आपले मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तो जरूर पाहा. 18 जानेवारी 2012 ला, वयाच्या 84 व्या वर्षी ते गेले.

मला राहून राहून आमच्या गल्लीतली ती तालीम आठवते. मास्तर पोरांना सरगम तोंडानं म्हणून दाखवायचे, कारण लिहिता त्यांना येत नव्हतं. नवीन सिनेमाचं गाणं रेडिओवर तीन-चारदा ऐकलं की ते बोटांत उतरायचं आणि आठवड्याभरात आठ-दहा जणांत वाटलंही जायचं. ट्रम्पेटनं इथं थांबायचं, युफोनियमनं खालून धरून ठेवायचं. म्हणजे तेही अरेंजरच होते. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं. सुपारी मालक घ्यायचे, फोटोत ढोल दिसायचा. मास्तरांचं नाव कुठेही लिहिलेलं मी पाहिलं नाही, आणि ज्यांच्या लग्नात त्यांनी वाजवलं त्यांनाही आज ते सांगता येणार नाही. गाण्यातलं एक नाव चिरंजीव झालं, पण ते गाणं गावोगाव वाजवणारी माणसं निनावीच राहिली. मला ते सलतं.

आता डीजे आला. तरी धरणगाव, पारोळा, एरंडोल या भागात वरातीपुढे बँड अजून वाजतो. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत किती नावं असतात! काका, मामा, आत्या, भाऊबंद, सरपंच, चेअरमन, शिवाय ‘किलबिल’मध्ये घरातले सगळे बाळगोपाळ. यंदा तुमच्या घरी लग्न असेल, तर बँडची सुपारी देताना वादकांची नावं विचारून घ्या आणि पत्रिकेत सर्वांत खाली एक ओळ त्यांच्यासाठी ठेवा. नुसतं ‘क्लॅरोनेट’ असं लिहून पुढे त्या माणसाचं पूर्ण नाव छापा.