ॲक्रिलिकच्या शीटला तडा गेला तर

खिडकीला, देवघराच्या दाराला, दुकानाच्या फळीला आता काचेऐवजी ॲक्रिलिकची पारदर्शक शीट लावतात. ती हलकी असते. पण एखाद्या स्क्रूपाशी केसासारखा तडा दिसला, तर ‘बघू पुढे’ म्हणू नका. तडा सरकत जातो.

प्रथम तड्याचे टोक शोधा आणि बरोबर त्या टोकावर 3 मिलिमीटरचे भोक पाडा. शिवण पुढे उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो, तसेच हे भोक. शीटखाली लाकडाची फळी घ्या. ड्रिल हळू फिरवा, जोर देऊ नका. तापले की प्लॅस्टिक वितळून चिकटते.

नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन शीट पूर्ण वाळवा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट मुळीच लावू नका. त्याने जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

सांधण्यासाठी पाट्या करणारे कारागीर क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. हा डिंक नव्हे. तो तड्याच्या दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सुईने एकदोन थेंब सोडले की तो आपोआप आत ओढला जातो. मागून ॲक्रिलिकचीच पट्टी बसवली की सांधा टिकतो. 24 तास शीटला ताण देऊ नका. तड्याची खूण मात्र थोडी राहतेच.

या द्रावणाची वाफ विषारी असते. काम उघड्यावर, चुलीपासून दूर आणि मुले जवळ नसताना करावे. उरलेले द्रावण औषधाच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. त्यापेक्षा शीट काढून तालुक्याला कारागिराकडे नेणेच बरे.

आणखी एक. कडबाकुट्टीवरचे किंवा दुसऱ्या यंत्रावरचे संरक्षक झाकण तडकले, तर ते सांधू नका, नवेच बसवा. सांध्याला मूळची ताकद येत नाही. तिथे चार पैसे वाचवताना हात जायचा.

तडा मुळात का जातो? मीटरभर लांबीची शीट 30 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर वाढते. स्क्रू घट्ट आवळलेला असला, तर तिला वाढायला जागा मिळत नाही. म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे ठेवा, खाली रबरी वायसर घाला आणि स्क्रू बेताने आवळा. मग पुढच्या उन्हाळ्यात हा खटाटोप करावा लागणार नाही.