पाल्याची परीक्षा

तेलगाव परिसरात, बालाघाटच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की त्याचाच पाला वाटून लावतात, हे आपण पाहतोच. पण हा पाला जंतूंनाही रोखतो का?

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या अगारवर जंतू पसरवतात, अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. चकतीभोवती स्वच्छ कडे उमटले, तर वाढ थांबली. शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकतीही हवी. नाहीतर गुण कोणाचा, कळत नाही.

पण बशी म्हणजे शरीर नव्हे. उवांसाठी लावलेली सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली, तर बुबुळाला इजा होते. जखम चिघळली, ताप आला, तर पाल्यावर विसंबून राहू नये. दुआ करावी आणि डॉक्टरही गाठावा. इलाज करणे हीदेखील सुन्नतच आहे.