व्हेरिएबल म्हणजे डबा नव्हे हो!

पायथॉन शिकवायला सुरुवात झाली की पहिल्या दिवशी फळ्यावर एक डबा काढतात. डब्यावर 'क्ष' लिहायचं, आत ५ टाकायचे आणि सांगायचं, "व्हेरिएबल म्हणजे डबा." पुस्तकांत हेच, व्हिडिओंत हेच, क्लासमध्येही हेच. माझं म्हणणं असं की पायथॉनपुरतं हे खोटं आहे. अपुरं असतं तर मी बोलले नसते. मास्तर मंडळी थोडं अपुरं सांगतातच, त्याशिवाय वर्ग पुढे सरकत नाही. पण हे चक्क खोटं आहे आणि त्याची किंमत पोरं मोजतात.

"ही मराठीची बाई, हिला काय कळतंय त्यातलं?" असं काहींच्या मनात येईल (घरातल्यांच्या तर नक्कीच!). मी प्रोग्रामर नाही. निवृत्तीनंतर हौसेने थोडी पायथॉन शिकले, इतकंच. पण चौतीस वर्षं नाम-सर्वनाम शिकवलंय, आणि इथे सगळा घोळ नामाचाच आहे.

खालच्या तीन ओळी बघा. पायथॉन ३ मध्ये या जशाच्या तशा चालतात. २००८ च्या डिसेंबरात ही आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी नावं ठेवता येतात, हे किती क्लासवाले सांगतात कोण जाणे.

गावे = ["पेण", "रोहा"]
माझी = गावे
माझी += ["महाड"]

आता 'गावे'मध्ये काय आहे ते विचारा. डब्याच्या हिशोबाने उत्तर पेण आणि रोहा. एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतलं, दुसऱ्यात भर घातली, पहिल्याला काय त्याचं? पण पायथॉन सांगते: पेण, रोहा, महाड. पहिल्या 'डब्यात' कुणी हात न घालता महाड आलं कुठून?

कुठून येणार, दोन डबे कधी नव्हतेच. यादी एकच आणि तिला नावं दोन. १९८७ चा ज्ञानपीठ कुसुमाग्रजांना मिळाला, तेव्हा तो शिरवाडकरांनाही मिळाला की नाही? शिरवाडकरांच्या घरी वेगळा पाठवावा लागला का? सातवीतलं पोर या प्रश्नाला हसेल. मग ज्याला हे कळतं त्याला पायथॉनमधलं नाव कळायला अडचण कसली?

आता तिसरी ओळ बदलून अशी लिहा:

माझी = माझी + ["महाड"]

क्लासमध्ये सांगतात की वरची ओळ म्हणजे हिचंच थोडक्यात रूप. पण या वेळी 'गावे'मध्ये दोनच गावं राहतात! कारण इथे पायथॉनने तीन गावांची नवी यादी केली आणि 'माझी' हे नाव जुन्या यादीवरून काढून नवीला दिलं. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हटलं की २०२१ ला नाशिकला जयंत नारळीकर, २०२५ ला दिल्लीला तारा भवाळकर. नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, नारळीकरांच्या भवाळकर झाल्या नाहीत. शिवाय ते खगोलशास्त्रज्ञ, या लोकसाहित्याच्या अभ्यासक. 'अध्यक्ष' या शब्दाला त्याचं सोयरसुतक नाही. पायथॉनला 'डायनॅमिक' म्हणतात ते एवढ्याचसाठी. प्रकार असतो तो वस्तूला, नावाला नसतो. आज जे नाव आकड्याला दिलं ते उद्या यादीला देता येतं.

मग डब्याची थाप इतकी वर्षं पचली कशी? एक तर ती सी भाषेतून आली. तिथे साध्या पूर्णांकाच्या व्हेरिएबलला मेमरीत खरोखरच ठराविक मापाची जागा मिळते, आणि एकातून दुसऱ्यात दिलं की नक्कल होते. तिथे डबा शोभतो. सीवर हात बसलेल्या मंडळींनी तोच डबा इकडे आणून ठेवला. दुसरं म्हणजे पहिल्या आठवड्यात उदाहरणं असतात आकड्यांची आणि अक्षरांची. पायथॉनमध्ये आकडा किंवा अक्षरमाला जागच्या जागी बदलताच येत नाही (अक्षर म्हणजे न झिजणारं, आपल्या पूर्वजांनी शब्द काय नेमका ठेवलाय बघा!). त्यामुळे तिथे डबा म्हणा की नाव म्हणा, उत्तर तेच येतं. याद्या सुरू होतात तेव्हा पितळ उघडं पडतं. तोवर मूल डब्यावर विश्वास ठेवून बसलेलं असतं.

माझ्या भावाचा नातू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने एका क्लासमध्ये हाच प्रश्न विचारला, की सर, मी दुसऱ्या यादीत घातलं ते पहिलीत कसं आलं? उत्तर मिळालं, "पायथॉनमध्ये तसंच असतं, पाठ कर." पोरगं घरी येऊन म्हणतं, "आत्याआजी, मला या विषयाचं डोकंच नाही. ब्रँच बदलतो." मला इतका संताप आला! अहो, त्या दिवशी वर्गात विचारलेला एकमेव खरा प्रश्न त्याचा होता. खोटं त्याला शिकवलं, ते खोटं त्यानेच पकडलं, आणि ढ कोण ठरला? तोच. ब्रँचचं त्याचं अजून ठरत नाहीये.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "नवशिक्यांना सोपं करूनच सांगावं लागतं हो, बाई." मान्य. पृथ्वी चेंडूसारखी गोल हेही सोपं करून सांगणंच. ध्रुवांपाशी ती थोडी चपटी आहे हे पुढे कळतं, पण चेंडू फेकून द्यावा लागत नाही. डबा मात्र फेकूनच द्यावा लागतो. आणि 'नाव' शिकवायला 'डब्या'पेक्षा एक मिनिट तरी जास्त लागतं का? असाइनमेंटमुळे माहितीची नक्कल होत नाही, फक्त वस्तूला नाव जोडलं जातं, असं या भाषेच्या अधिकृत शिकवणीत स्पष्ट लिहिलंय. ती इंटरनेटवर फुकट आहे. शिकवणाऱ्यांनी निदान ती तरी वाचावी!

दुसरं उत्तर हल्लीचं. "आता एआय सगळं लिहून देतं, मूलतत्त्वं हवीत कशाला?" ठीक आहे. मग ते यंत्र वरच्या दोन ओळींपैकी एक लिहून देणार. कुठली बरोबर हे कोण ठरवणार? ज्याच्या डोक्यात डबा बसलाय तो दोन्ही ओळींना मान डोलावणार.

आणि तिसरं, सगळ्यात लाडकं: "पायथॉन तर किती सोपी!" सोपी नव्हे, लहान. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो व्हान रॉसम यांनी ती १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि १९९१ साली ती बाहेर आली. त्याआधी ते एबीसी नावाच्या, शिकवण्यासाठीच बेतलेल्या भाषेवर काम करत होते. पायथॉनचे राखीव शब्द अवघे ३५. पण पाणिनीची सूत्रंसुद्धा लहानच आहेत की! ती उलगडायला पतंजलींना महाभाष्य रचावं लागलं. थोडक्यात लिहिलेलं वाचायला जास्त समज लागते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला आता पायथॉन आहे, म्हणजे हजारो मुलांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख हिच्यातूनच होणार.

गंमत अशी की मराठी मुलाजवळ यातलं निम्मं सामान आधीच असतं. 'तोच' आणि 'तसाच' यांतला फरक आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पायथॉनमध्ये 'तोच आहे का' विचारायला 'इज' आहे आणि 'तसाच आहे का' विचारायला दोन बरोबरची चिन्हं. एकच बरोबरचं चिन्ह मात्र बरोबर म्हणून वाचायचंच नाही, ते 'म्हणजे' असं वाचायचं. गावे म्हणजे ही यादी. माझी म्हणजे गावे म्हणतो तीच. एवढं सांगितलं की काम झालं, फळ्यावर चित्रसुद्धा काढावं लागत नाही.

तेव्हा आमच्या घरातल्या आणि ओळखीतल्या मंडळींना सांगणं आहे: सुट्टीत मुलांना क्लासला घालायच्या आधी वरच्या ओळी कागदावर उतरवून न्या. शिकवणाऱ्यांना विचारा, एका ठिकाणी गावं तीन आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, असं का? "ते अ‍ॅडव्हान्स्ड बॅचला घेतो," असं म्हणाले तर फी तुमच्याच खिशात राहू द्या.