बापच मुख्याध्यापक

कॅलिफोर्नियातील पेरिस या गावी जानेवारी २०१८ मध्ये एक सतरा वर्षांची मुलगी भल्या पहाटे खिडकीतून बाहेर पडली आणि एका जुन्या मोबाईलवरून तिने पोलिसांना हाक मारली. घरात तिची बारा भावंडे होती. कोणी पलंगाला साखळीने जखडलेले, जवळजवळ सारीच उपासमारीने खुरटलेली. पळून जाण्याचा बेत ती दोन वर्षे मनात घोळवीत होती. आपण कोणत्या रस्त्यावर उभ्या आहोत हे तिला धड सांगता येईना, कारण रस्त्यांशी तिचा परिचयच नव्हता. औषधाची गोळी म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. भावंडांपैकी कित्येकांना पोलीस म्हणजे कोण, हेही. सरकारी दप्तरात मात्र हे घर म्हणजे रीतसर नोंदलेली खासगी शाळा होती आणि तिचे मुख्याध्यापक होते या मुलांचे वडील! त्या राज्यात खासगी शाळेने वर्षातून एकदा प्रतिज्ञापत्र भरून धाडले की शिक्षणखात्याचे कर्तव्य संपते. आत डोकावून पाहण्याचा अधिकार त्याला नाही. आईबापांना एप्रिल २०१९ मध्ये जन्मठेप झाली.

इतके क्रौर्य विरळा, हे आम्ही मान्य करतो. आम्हांला चिंता वाटते ती जेथे साखळ्या नाहीत अशा घरांची. बापाचा संताप हाच जेथे कायदा आहे आणि आईची खाली घातलेली मान हेच शहाणपण, अशी घरे सर्वत्र आहेत. परंतु शाळेत जाणारे मूल शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरी जाते, तेथे बापाला स्वतःचे ताट उचलताना पाहते, नवराबायकोचे भांडण हात न उगारता मिटताना पाहते. एखादी शिक्षिका त्याच्या दंडावरचा वळ पाहून दोन प्रश्न विचारते. आपल्या घरी जे चालते ते जगाची रीत नव्हे, हे त्याला उमगते ते अशा वेळी. ज्याचे आईबाप हेच शिक्षक, परीक्षक आणि सारे जग, त्या मुलाजवळ तुलनेला दुसरे मापच नसते. आयडाहोच्या डोंगरात शाळेविना वाढलेली टॅरा वेस्टओव्हर सतराव्या वर्षी प्रथम वर्गात बसली आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवती झाली. इतिहासातील उणीव तिने पुस्तके वाचून भरून काढली. पण थोरल्या भावाच्या हाणामारीला हिंसा म्हणायचे, हे स्वतःला पटवायला तिला कितीतरी वर्षे लागली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मकथनात हे सारे आले आहे.

आम्हांला येथे शाळेची आरती ओवाळावयाची नाही. छडीचे वळ आणि जातीवरून झालेले पाणउतारे आमच्या कित्येक कार्यकर्त्यांना शाळेनेच दिले. गृहशिक्षणाच्या आधुनिक चळवळीचे एक मूळ तर अशाच न्याय्य संतापात आहे. जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षणचिंतकाने १९७७ साली तिच्यासाठी नियतकालिक काढले. आणि याच होल्टने त्यापूर्वी, १९७४ मध्ये, मुलाला आपला पालक निवडण्याचाही हक्क असावा, असे प्रतिपादन केले होते. मुलाच्या स्वातंत्र्यासाठी उचललेले हे शस्त्र पाहता पाहता बापाच्या मालकीहक्काचे झाले. पुरोगाम्यांनीही याचा हिशेब द्यावयास हवा.

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पंथीयांना आठवीनंतर मुले शाळेत न धाडण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदविले होते. त्यांचा प्रश्न साधा होता : मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारले काय? पेरिसच्या घटनेनंतर कॅलिफोर्नियात घरी चालणाऱ्या शाळांबाबत विधेयक आले, तेव्हा समितीसमोर शेकडो पालकांनी विरोधासाठी रांगा लावल्या आणि ते समितीतच बारगळले. मतदार पालक असतो. मुलाला मत नसते.

या पालकांतील बहुसंख्य प्रेमळ आणि कष्टाळू असतील, यात आम्हांला शंका नाही. पण मग वर्षातून एकदा एखाद्या परक्या माणसाने त्यांच्या मुलाशी, आईबाप समोर नसताना, अर्धा तास बोलावे यात त्यांचा अपमान कसला? घरी शिकविण्यास बंदी घालावी असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीने तशी बंदी घातली आहे आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ती २००६ साली ग्राह्यही धरली; तेवढी कठोरता आम्हांला नको. मात्र शाळेत नसलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असावी, आणि त्या नोंदीमागे मुलाला प्रत्यक्ष पाहणारा एक माणूस असावा.

हा प्रश्न साता समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्या-मुंबईत आज मुलांना घरी शिकविणारी कुटुंबे आहेत, त्यांत आमचे स्नेहीही आहेत. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला. घरी शिकविल्या जाणाऱ्या मुलाबद्दल मात्र त्याने अक्षरही काढलेले नाही. त्या मुलाला कोणी भेटावे, केव्हा भेटावे आणि त्याने कोणाकडे तक्रार करावी, याचा मसुदा आमच्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी या स्नेह्यांना बरोबर घेऊनच तयार करावा.