बोट अचानक शांत झाली, तर सावध व्हा

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जुन्या, केबिनच्या, आत इंजिन बसवलेल्या लाकडी बोटीविषयी दोन मते ऐकायला मिळतात. जुने तांडेल म्हणतात, तशी बोट आता होणे नाही. ती लाटेवर बसते, अंग मोडत नाही. तरुण मालक म्हणतात, ती हळू आहे, तिची डागडुजी परवडत नाही. फायबरची घ्या, नाहीतर हिच्यातच मोठे इंजिन टाका. माझ्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर खलाशांचा जीव टांगलेला आहे.

मी शिकवतो भाषा, बोटी बांधत नाही. पण माझ्या वर्गात दालदी मच्छीमारांची मुले बसतात. 'नाखवा' हा शब्द आला की मी त्यांना सांगतो, हा मुळात फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. ज्याला धनी म्हणायचे, त्याला आपल्या नावेची चाल ओळखता यायला हवी. तेवढ्यासाठी अभियंता असायची गरज नाही.

जुनी बोट आरामशीर का वाटते, ते आधी पाहू. तिचे इंजिन जड आणि ते बोटीच्या पोटात, अगदी तळाशी. लाकूड जाड, वर्षानुवर्षे पाणी प्यालेले. तळाला लांब कणा. एवढे वजन लाट सहजासहजी उचलून आपटत नाही. फायबरची हलकी बोट लाटेबरोबर चटकन उचलली जाते आणि चटकन परत येते; त्या झटक्यांनीच कंबर आणि गुडघे जातात. रात्रभर जाळे ओढणाऱ्या माणसाला हा फरक औषधाच्या दुकानात कळतो. म्हणून बोटीच्या आरामाला चैन समजणाऱ्यांशी माझे भांडण आहे. थकलेल्या माणसाचा पाय घसरतो, त्याचा हात दोरीत अडकतो. आराम हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

पण आराम दोन प्रकारचा असतो, आणि हे जुन्या बोटीचे गुणगान करणारे विसरतात. एक आराम वजनातून आणि बांधणीतून येतो. दुसरा तोल कमी झाल्यामुळे येतो. बोट आडवी कलली की पाणी तिला परत उभी करते. वजन खाली असेल तर हा जोर मोठा असतो आणि बोट झपकन उभी राहते. वजन वर गेले की जोर घटतो. बोट हळू डोलते, कलल्यावर क्षणभर तिथेच रेंगाळते, मग सावकाश परत येते. आत बसलेल्याला वाटते, वा, काय शांत चालते! प्रत्यक्षात ती उलटण्याच्या जवळ गेलेली असते.

जुन्या बोटीत वजन वर जाते कसे? हळूहळू, आणि कुणाच्या लक्षात न येता. केबिनवर आणखी एक छप्पर चढते. छपरावर जाळी, दोऱ्या, पाण्याची टाकी. मग जुने अवजड इंजिन काढून जास्त हॉर्सपॉवरचे हलके इंजिन बसते, म्हणजे तळातले वजन गेले आणि वरचे तसेच राहिले. त्यात तळाला साचलेले पाणी बोट कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. यातली एकेक गोष्ट किरकोळ. बेरीज किरकोळ नाही.

मोठ्या इंजिनाचा फायदाही वाटतो तेवढा नाही. पाणी कापत जाणाऱ्या अशा बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यावर ३६ फूट लांबी असेल तर साधारण ८ नॉट. त्यापुढे इंजिन कितीही ओरडले तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत मागून बसते, नाळ वर करते आणि डिझेल जाळते.

मग वेगासाठी बोटीचा आकारच बदलायचा का? त्याचाही अनुभव जगात आहे. अमेरिकेत रे हंट या रचनाकाराने तळ खोल व्ही आकाराचा केला. त्या रचनेची 'मॉपी' ही बोट १९६० साली खवळलेल्या समुद्रात मायामी ते नासाउ ही शर्यत जिंकली, आणि त्यातूनच बर्ट्रम ३१ ही आत इंजिन असलेली केबिनची मासेमारी बोट निघाली. आज तीही जुन्यांत मोडते आणि तिचे चाहते अजून आहेत. वेगात ती लाट कापत जाते, आपटत नाही. पण थांबून गळ टाकला की तोच खोल तळ तिला भरपूर डोलवतो. सगळीकडे चांगली अशी बोट नसते. कोणत्या कामाला चांगली, एवढेच विचारता येते. आपले काम जाळे ओढण्याचे, कमी वेगाने तासन्‌तास चालण्याचे आहे.

हाताळणीचेही तसेच. एका पंख्याची जुनी बोट सरळ रेषा छान धरते, पण वळायला जागा मागते. सुकाणूवर पंख्याचे पाणी पडले तरच ते नीट काम करते. गिअर काढला की बोट ऐकेनाशी होते. मागे घेताना तिचे ढुंगण एकाच बाजूला ओढले जाते, आणि चांगला तांडेल त्याचाच उपयोग करून ती धक्क्याला लावतो. खरी परीक्षा खाडीच्या तोंडाशी. ओहोटीचे पाणी बाहेर येत असते, मागून लाट येते, मागची बाजू उचलते. सुकाणूची पकड सुटते आणि बोट लाटेला आडवी होते. तिथे जास्तीची हॉर्सपॉवर लाटेच्या पुढे पळायला वापरणे हा घात आहे. जाणता माणूस वेग कमी करतो, लाट पुढे जाऊ देतो आणि तिच्या पाठीवरून आत येतो. डोके जड झालेली बोट इथे दुसरी संधी देत नाही.

आता माझे म्हणणे. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या जातात, रंगरंगोटी होते. हंगाम सुरू करण्याआधी, बोट पाण्यात उतरल्यावर, प्रत्येक नाखव्याने एक साधी चाचणी करावी. शांत पाणी, बांधलेल्या दोऱ्या सैल. तळातले पाणी उपसलेले. चार माणसांनी एका कडेकडून दुसरीकडे तालात जाऊन बोट डोलवायची आणि मध्यभागी थांबायचे. एका बाजूला कलून पुन्हा त्याच बाजूला आली की एक डोल. असे पाच डोल मोजायचे, सेकंदांना पाचाने भागायचे. हे दोन-तीनदा करून आकडा वहीत लिहायचा. टाकीत डिझेल किती, बर्फ किती, जाळी कुठे, तेही. ढोबळ नियम असा की एका डोलाचे सेकंद बोटीच्या रुंदीच्या मीटरांपेक्षा कमी असावेत. साडेचार मीटर रुंद बोटीला पाच-साडेपाच सेकंद लागत असतील तर आधी छप्पर रिकामे करा, मग समुद्राचे बोला.

आकड्यापेक्षाही त्यातला बदल महत्त्वाचा. गेल्या वर्षी ४ सेकंद होते आणि यंदा तशाच भारात ५ झाले, तर बोटीला उभी करणारा तोल साधारण एक तृतीयांशाने घटला. या चाचणीने सगळे कळत नाही. काठ पाण्यापासून किती वर आहे, डेकवरचे पाणी किती लवकर निघते, हे वेगळे पाहावे लागते. पण घड्याळ आणि वही याखेरीज तिला काही लागत नाही.

सरकारी कामातही हे यायला हवे. आपल्याकडे बोटीची विचारपूस लांबी, हॉर्सपॉवर आणि डिझेलवर थांबते. इंजिन बदलले किंवा केबिन वाढवली की बोटीचा तोल तपासल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण होऊ नये. छोट्या मालकांना हा जाच वाटेल, हे मला कळते. म्हणून ही तपासणी बंदरावरच, फुकट आणि बंदीच्या काळात व्हावी. त्यासाठी कुणाला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला लावू नयेत.

जुनी बोट मोडीत काढा असे मी म्हणत नाही, आणि तिची पूजा करा असेही नाही. तिने दिलेला आराम बांधणाऱ्या सुतारांची कमाई आहे, तो जपावा. पण दोन हंगामांपूर्वी झपकन उभी राहणारी बोट आता मऊ डोलू लागली असेल, तर खलाशांनी गप्प बसू नये. नाखव्याला विचारावे, वर काय चढवले आहे? आणि नाखव्याने रागावू नये. हा प्रश्न त्याच्याच मुलांसाठी असतो.