चौथाई, खंडणी आणि कर

अर्थसंकल्पाचे दिवस आले की बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : हा कर आहे की खंडणी? त्रागा म्हणून तो सोडून देता येईल. परंतु मराठी माणसाला तो इतक्या सहज झटकता येणार नाही, कारण संरक्षणाच्या नावाने पैसा घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रकार, म्हणजे चौथाई, आपल्याच इतिहासातला आहे.

दमणच्या पोर्तुगीज हद्दीतील गावांकडून रामनगरचा कोळी राजा चौथाई घेत असे. मोबदल्यात गावांना उपद्रव द्यायचा नाही, एवढाच करार. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी रामनगर जिंकले आणि तोच हक्क गोव्यातील पोर्तुगीज शासनाकडे मागितला. पुढे बंगालवर सुमारे दशकभर स्वाऱ्या झाल्या. अखेर १७५१ मध्ये अलीवर्दी खानाने नागपूरकर रघूजी भोसल्यांना वर्षाला १२ लाख रुपये देण्याचे मान्य केले.

न्यायमूर्ती रानडे यांना चौथाईत वेलस्लीच्या तैनाती फौजेची पूर्वछाया दिसली. जदुनाथ सरकारांनी ते मानले नाही. चौथाई भरल्याने मराठी फौज टळे, इतरांपासून रक्षण करण्याची जबाबदारी मात्र कोणी घेत नसे, असे त्यांचे म्हणणे. बंगाली अंगाईगीतांत आजही बर्गी येतात, हे आठवले की सरकारांना खोडून काढणे जड जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९८५ मध्ये युरोपातील राज्यांबद्दल हेच मांडले : धोका उभा करणारा आणि त्यापासून वाचवण्याचे पैसे मागणारा एकच असेल, तर ती गुंडगिरी होय.

तरीही १७१९ ची सनद वेगळे काही सांगते. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईपोटी बादशहाच्या चाकरीत १५ हजार स्वार ठेवणे मराठ्यांवर बंधनकारक झाले. सरदेशमुखीपोटी चोरांचा बंदोबस्त करायचा आणि चोरीचा माल मिळवून द्यायचा किंवा त्याची भरपाई करायची, असेही ठरले. अंमल किती झाला हा भाग निराळा. पण घेणाऱ्याचे देणे प्रथमच कागदावर आले. खंडणी आणि कर यांची वाट फुटते ती इथे. पैसा सक्तीने घेतला जातो हे दोन्हींत समानच आहे. कर भरणाऱ्याला जाब विचारता येतो.

आज संविधानाचे कलम २६५ कायद्याच्या आधाराविना कर लावू देत नाही. जीएसटी परिषदेत गोव्याच्या मताचे वजन उत्तर प्रदेशाच्या मताइतकेच असते. खंडणीखोराच्या दरबारात अशी सोय नसते. परंतु जीएसटीच्या आकारणीविरुद्ध पहिले अपील करायचे तर वादग्रस्त कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. ‘प्रथम भरा, मग बोला’ हा सूर छोट्या दुकानदाराला ओळखीचा वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा? केंद्राच्या उपकरांचेही तसेच. त्यांचा पैसा राज्यांत वाटून घ्यायच्या निधीत येत नाही, म्हणून गोव्याचा ग्राहक तो भरतो, पण गोव्याच्या विधानसभेला त्याचा हिशेब मागता येत नाही.

त्यामानाने पंचायतीची घरपट्टी बरी. ती वाढली, की रविवारच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारतोच : गेल्या वर्षीच्या पैशांचे काय केले?